नकाशात नसलेल्या देशाची खेळाडू

आमच्या कंपनीत काम नसलेल्या माणसाला 'बेंचवर आहे' असं म्हणत. प्रत्यक्षात बेंच नव्हताच. पुण्यात खराडीतल्या त्या काचेच्या इमारतीत आम्हा बिनकामाच्या लोकांनाही चांगल्या गुबगुबीत, फिरत्या खुर्च्या होत्या. अमेरिकेतलं एक काम संपलं आणि दुसरं मिळालं नाही की आम्ही त्या खुर्च्यांवर बसून संगणकाकडे गंभीर चेहऱ्यानं बघत असू. खिडकीतून पलीकडची शेतं दिसायची. शेतातली माणसं आमच्याकडे कधी बघत नसत. त्यांना काम असायचं.

मी बेंचवर असतानाच कंपनीला महिलांच्या टेनिसबद्दल एकाएकी प्रेम वाटू लागलं. नदीपलीकडच्या एका जुन्या क्लबवर महिलांची आंतरराष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा भरणार होती आणि आम्ही तिचे प्रायोजक झालो होतो. टीव्हीवर दिसतं ते टेनिस डोळ्यांपुढे आणू नका. ही स्पर्धा त्या शिडीच्या अगदी तळच्या पायरीवरची. अशा ठिकाणी सामने जिंकून क्रमवारीचे चार-दोन गुण मिळवायचे, ते साठवत वर सरकायचं, आणि एक दिवस मोठ्या स्पर्धेत किंवा ऑलिम्पिकमध्ये उतरायचं, अशी सगळ्यांची आशा. बहुतेकींचे गुडघे आधी संपत आणि आशा नंतर.

एचआरच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, "तू प्लेयर लायझन. खेळाडूंना काय हवं-नको ते बघायचं."

"मला टेनिसमधलं काही कळत नाही."

"चालेल. तू बेंचवर आहेस ना?"

उद्घाटनाला आमचे सर्वोच्च साहेब आले. आमच्याकडे सगळ्यांनी सगळ्यांना नुसत्या नावानं हाक मारायची अशी मोकळी संस्कृती होती. ज्यांना हाक मारायची ते कधी दिसत नसत, एवढंच. त्या दिवशी मात्र ते दिसले आणि स्त्रीसक्षमीकरणावर बराच वेळ बोलले. व्यासपीठावर सगळे पुरुष होते. एक बाई होती. तिच्या हातात पुष्पगुच्छांचं तबक होतं आणि अंगावर एचआरच्या हुकमाप्रमाणे रेशमी साडी. ती मी.

क्लबच्या सभासदांना या सगळ्याचा मनस्ताप होत होता. त्यांची सकाळची डबल्स बंद पडली होती आणि पत्त्यांच्या ब्रिजची खोली खेळाडूंना द्यावी लागली होती. स्पर्धेचा पहिला चेंडू पडायच्या आधीच एका आजोबांनी मला विचारलं, "हे कधी संपणार आहे?"

त्याच दुपारी मला ती दिसली. ब्रिजच्या खोलीबाहेर, स्वतःपेक्षा मोठ्या बॅगेवर, शांतपणे बसलेली. उंच, सावरलेली, उन्हानं नाक सोललेलं. सोबत ना प्रशिक्षक, ना आई-वडील. पात्रता फेरी खेळायला ती एकटी, आधीच्या शहरातून रेल्वेनं आली होती. हॉटेलची सोय फक्त मुख्य फेरीतल्या खेळाडूंना. पात्रता फेरीवाल्यांनी आपलं आपण बघायचं असा नियम. तिनं आपलं आपण बघितलं होतं. स्टेशनजवळचा लॉज ठरवला होता. तिथल्या मॅनेजरनं एकटी बाई म्हटल्यावर खोली नाकारली होती.

मी स्पर्धेच्या सचिवांकडे गेले. ते म्हणाले, "आपल्या हातात काही नाही." मी क्लबच्या पाहुण्यांच्या खोलीबद्दल विचारलं. ती रिकामी होती. पण ती सभासदांच्या पाहुण्यांसाठी होती, आणि ही सगळ्या शहराची पाहुणी असली तरी कुणा सभासदाची नव्हती. शेवटी मी घरी फोन लावला.

"आई, एका परदेशी खेळाडूला घरी आणू का? आठवडाभर."

"मुलगी का?"

"हो."

"नीट जेवते का?"

"जेवत असावी."

"मग विचारतेस काय. आण."

आमचं घर विश्रांतवाडीत. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. म्हणजे नोकरीतून. शिकवण्यातून ती कधीच निवृत्त झाली नाही. पाहुणी बूट काढून आत आली तेव्हा आईनं तिला पाणी दिलं आणि लगेच देश विचारला. मध्य आशियातल्या त्या देशाचं नाव ऐकून आईनं कपाटातून जुना नकाशासंग्रह काढला. त्यात तो सगळा भाग एकाच रंगात होता आणि त्यावर आडवं 'सोव्हिएत संघ' असं लिहिलेलं होतं.

"तुझा देश माझ्या नकाशात नाही," आई मराठीत म्हणाली. "पुस्तक जुनं आहे. तुझी चूक नाही."

मी भाषांतर केलं. पाहुणीनं नकाशावर बोट ठेवून आपलं गाव दाखवलं, नदीच्या काठावर, दक्षिणेच्या टोकाला. मग मान वर केली तर समोरच्या कपाटावरची आमची बुद्धाची मूर्ती तिला दिसली. ती उठून जवळ गेली. "माय सिटी," ती म्हणाली, "अंडर ग्राउंड. ही इज देअर. मेनी."

बाबांना काही कळेना. "जमिनीखाली म्हणजे?"

"उत्खननात सापडले असतील," आई म्हणाली. "तिकडे विहार होते. बरोबर आहे हिचं." आणि माझ्याकडे वळून, "शिकवलं होतं मी तुम्हाला. तू लक्ष दिलं नव्हतंस."

तेव्हापासून ती आमच्या घरची झाली, त्यासाठी आणखी काही लागलं नाही. आईला ती तिच्या पद्धतीनं 'मामा' म्हणू लागली. आईला इंग्रजी येत होतं, पण तिनं ते वापरलं नाही. घरात मराठीच चालेल असा तिचा एकूण सूर होता. पाहुणीचं इंग्रजी तुटकं, बाबांचं सरकारी. ते तिला सकाळी विचारत, "हॅव यू टेकन युअर टी? किंडली टेक." ती हसायची आणि घ्यायची. मसाल्याची भाजी तिला झेपेना, म्हणून आईनं मऊ भात, मेतकूट आणि तूप सुरू केलं. दूध ती इतकं प्यायची की बाबा सकाळच्या फेरीत कात्रजच्या दुधाच्या पिशव्या ओझं आणल्यासारख्या आणायचे. खेळाडूनं नेमकं काय खावं याचा तक्ता आमच्या कंपनीनं छापून भिंतीवर लावला होता. त्यात मेतकूट नव्हतं.

ती पहाटे सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोरीवरच्या उड्या मारायची आणि रोजचे कपडे स्वतः बादलीत धुवायची. तिचे टेनिसचे आखूड स्कर्ट गॅलरीत वाळायला पडले आणि संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"काही नाही, सहज आलो होतो," ते म्हणाले. "ते गॅलरीत जे आहे, ते रस्त्यावरून दिसतं."

"हो का," आई म्हणाली. "मग रस्त्याकडे बघत चाला. खड्डे आहेत."

ते चहा न घेता गेले.

इकडे पाहुणी जिंकू लागली. पात्रता फेरीतून मुख्य फेरीत आली, तिथेही जिंकली. आता तिला नियमाप्रमाणे हॉटेल मिळत होतं. सचिवांनी मोठ्या मनानं तसं कळवलं. ती म्हणाली, "नो. मामा हाउस." सचिवांनी मला बाजूला घेऊन विचारलं की हिचे मामा पुण्यात असतात हे आधी का नाही सांगितलं. मी म्हटलं, मलाही नुकतंच कळलं.

उपांत्यपूर्व फेरीत तिची गाठ पडली आमच्याच शहराच्या मुलीशी. ती कॉलेजात शिकणारी, याच क्लबच्या लाल मातीवर लहानाची मोठी झालेली, वडील क्लबचे सभासद. पोरगी जिद्दी होती आणि खेळायची देखणं. त्या दिवशी क्लबची सगळी बाकं भरली. ज्या आजोबांना स्पर्धा कधी संपते याची घाई होती तेही टोपी घालून पहिल्या रांगेत आले. आमचे साहेबही आले. शहराची मुलगी जिंकणार, फोटो येणार, कंपनीचा फलक मागे दिसणार, असा साधा हिशेब होता.

पाहुणीच्या बाजूनं दोनच प्रेक्षक होते, आई आणि बाबा. मी दोन्हीकडची लायझन असल्यामुळे माझं मत नव्हतं. आईनं पिशवीत पाण्याची बाटली, साखर-मीठ आणि छत्री आणली होती. तिच्या शेजारी बसलेल्या क्लबच्या बाईंनी तिला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "आपल्याला पूर्वी कधी इथे बघितलं नाही. आपलं आडनाव काय?"

पुण्यात हा प्रश्न नुसता आडनावासाठी विचारत नाहीत हे आम्हाला घरी सांगावं लागलं नव्हतं.

"मी भूगोल शिकवायचे," आई म्हणाली. "आडनावाचं इतिहासाच्या बाईंना विचारा."

त्या बाईंनी मग सगळा सामना पूर्ण लक्ष देऊन पाहिला.

पहिला सेट शहराच्या मुलीनं झटक्यात घेतला. दुसऱ्यात पाहुणीनं खोल फटके मारून तिला मागे ढकलत नेलं आणि तो सेट काढला. तिसरा सुरू झाला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि टाळ्या फक्त एकाच बाजूला वाजत होत्या. अशात साहेबांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो घेतला. पलीकडे अमेरिका असावी, कारण ते एकदम इंग्रजीत हसले. पाहुणी सर्व्हिस करायला उभी राहिली, चेंडू आपटला, थांबली. पंचांनी शांततेची विनंती केली. साहेब बोलतच होते. पंचांनी पुन्हा विनंती केली. प्रायोजकाला तिसऱ्यांदा विनंती करावी की नाही या विचारात पंच पडलेले दिसले.

मागच्या रांगेतून आई म्हणाली, "अहो. आपण."

साहेबांनी वळून बघितलं.

"फोनवर बोलायचं असेल तर उठून बाहेर जा. झालं की आत या."

तिचा आवाज मोठा नव्हता. तो वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता, एवढंच. साहेब पुण्यातल्याच शाळेत शिकलेले. त्यांचं शरीर त्यांच्या पदाच्या आधी उठलं. ते फोन कानाला तसाच ठेवून खाली मान घालून रांगेतून बाहेर गेले, आणि जाताना "सॉरी बाई" म्हणाले असं बाबा शपथेवर सांगतात. पाहुणीनं सर्व्हिस केली.

बाबा आईच्या कानाशी म्हणाले, "ते हिच्या कंपनीचे मालक आहेत."

"आधी सांगायचं," आई म्हणाली. "मी 'कृपया' म्हटलं असतं."

मी कोर्टाच्या कोपऱ्यात उभी राहून नवीन नोकरीसाठी कुठे कुठे अर्ज करता येईल याचा विचार करत होते.

सामना ताणत ताणत शेवटाला आला आणि शहराच्या मुलीला विजयाचा गुण मिळवायची संधी आली. एक गुण, की ती उपांत्य फेरीत. लांबलचक रॅली झाली. पाहुणीनं धावत येऊन रेषेलगत सरळ फटका मारला. दुसरीला तो गाठणं शक्यच नव्हतं, ती नुसती बघत राहिली. रेषेवरच्या पंचानं हात बाहेर केला. आउट. क्लब उभा राहिला, टाळ्या, शिट्ट्या. टोपीवाल्या आजोबांनी शेजाऱ्याला मिठी मारली. पाहुणी मान खाली घालून हात मिळवायला जाळीकडे निघाली.

शहराची मुलगी मात्र निघाली नाही. ती जिथे चेंडू पडला होता तिथे गेली आणि वाकून बघू लागली. मातीच्या कोर्टवर चेंडूचा ठसा उमटतो. तो तिथे होता. ती सरळ झाली आणि पंचांना म्हणाली, "बॉल आत आहे. रेषेवर आहे."

पंच उंच खुर्चीवरून उतरले, त्यांनी ठसा पाहिला आणि मान हलवली. गुण पाहुणीला. टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला, कारण लोकांना आपण कशासाठी वाजवतोय ते आठवेना.

"इतकं खरं बोलायची हौस होती तर कीर्तन करायचं," टोपीवाले आजोबा म्हणाले. "टेनिस कशाला खेळायचं?"

त्यानंतर पाहुणीनं तो गेम घेतला, पुढचेही घेतले आणि सामना जिंकला. दोघी जाळीपाशी भेटल्या तेव्हा पाहुणीनं तिचा हात सोडलाच नाही, बराच वेळ. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. 

साहेब आत आले तोवर सगळं संपलं होतं. त्यांनी मला विचारलं, "आपली जिंकली ना?" मी "हो" म्हटलं. ते खोटं नव्हतं.

शहराच्या मुलीचे वडील लेकीशी न बोलता गाडी काढायला गेले होते. ती पायऱ्यांवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. म्हणजे सोडलेल्या नाड्या पुन्हा बांधून पुन्हा सोडत होती. आई तिच्यापाशी जाऊन बसली. सांत्वन हा आईचा प्रांत नव्हे, त्यामुळे मी जरा घाबरून जवळ गेले.

"तुला आज फार वाईट वाटेल," आई तिला सांगत होती. "उद्या जरा कमी."

"खरं सांगू का बाई," ती मुलगी म्हणाली. तिला आई शिक्षिका आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. "मला तो ठसा दिसायलाच नको होता. लांबून बघितलं असतं तर दिसला नसता."

"मग गेलीस कशाला जवळ?"

तिनं थोडा विचार केला. "तिचा फटका फार सुंदर होता. तो बाहेर कसा गेला तेच मला कळेना."

 आईनं साखर-मिठाच्या पाण्याची बाटली काढून मुलीला दिली आणि ती पूर्ण संपेपर्यंत शेजारी बसून राहिली. वडिलांच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. "वाजू दे," आई म्हणाली. "आधी पाणी."

दुसऱ्या दिवशी पाहुणी उपांत्य सामना सरळ हरली. पाय उचलतच नव्हते तिचे, एक गुडघा सुजला होता. तिनं तक्रार केली नाही. संध्याकाळी ती पुढच्या शहराच्या बसला निघाली तेव्हा आईनं तिच्या बॅगेत मेतकुटाची बरणी घातली आणि ते कसं कालवायचं हे मराठीत, सविस्तर, हातवारे करून सांगितलं. पाहुणीनं खाली वाकून आईच्या पायाला हात लावला. हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे. आईला तसलं आवडत नसे. ती म्हणाली, "ऊठ, बस चुकेल." आणि मग बस दिसेनाशी झाल्यावरही तिथेच उभी राहिली. बाबांनी रिक्षा थांबवली होती; रिक्षावाला कंटाळून निघून गेला.

सोमवारी मी ऑफिसला गेले ती मनाची तयारी करून. एचआरच्या बाईंनी बोलावलंच. त्या म्हणाल्या, मला एका अमेरिकन विमा कंपनीच्या कामावर घेतलं आहे, मी आता बेंचवर नाही. फोनवरून उठवणाऱ्या बाई कोण हे विचारून घेऊन साहेबांनी स्वतः सुचवलं होतं म्हणे, मुलगी शिस्तीत वाढलेली दिसते. टेनिसवरचं कंपनीचं प्रेम मात्र तिथेच आटलं. पुढच्या वर्षी त्यांनी गोल्फला पैसा दिला. तिथे प्रेक्षक लांब उभे असतात.

मधे काही वर्षं गेली. खराडीतली शेतं दिसेनाशी झाली आणि माझ्या खिडकीतून दुसऱ्या कंपनीची खिडकी दिसू लागली. एका रविवारी सकाळी घरचा फोन वाजला. आईनं उचलला.

"मामा," पलीकडून आवाज आला, इतका मोठा की मला स्वयंपाकघरात ऐकू आला. "आय गो ऑलिम्पिक. डबल्स. माय कंट्री."

 आई म्हणाली, "छान. गुडघा कसा आहे?" तिला मराठी येत नाही हे आईला अजूनही अडचणीचं वाटत नव्हतं. पलीकडून "येस मामा, येस मामा" असं बराच वेळ येत राहिलं. फोन ठेवल्यावर आईनं पदरानं चष्मा पुसला आणि बाबांना म्हणाली, "टीव्हीवाल्याला सांगा, आपल्याला टेनिस बघायचंय."

टीव्हीवर ऑलिम्पिक आलं. आपल्याकडे पदकं का येत नाहीत यावर चर्चा आली. त्यात सुटातली माणसं रोज भांडायची आणि मधल्या वेळात खरोखर खेळणारे लोक दाखवले जायचे. मध्य आशियातल्या एका देशाच्या महिला दुहेरीच्या पहिल्या फेरीत कुणाला रस असणार? बाबा केबलवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, "काका, क्रिकेट असतं तर काहीतरी केलं असतं."

सामन्याच्या दिवशी मी ऑफिसात होते. चालू सामन्यांचे आकडे दाखवणारी वेबसाइट आमच्या ऑफिसात बंद ठेवलेली होती, कारण तिच्यामुळे कामाचा वेळ वाया जातो असा कंपनीचा अभ्यास होता. नेटवर्क सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला मी विनंती केली. त्यानं आधी "पॉलिसी आहे" असं ऐकवलं, मग स्वतःच्या संगणकावर ती उघडून दिली आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. मी घरी फोन लावला आणि पडद्यावरचे आकडे बदलतील तसे वाचून दाखवू लागले.

"पहिला सेट गेला."

"आणि?"

"दुसऱ्यात पुढे आहेत."

"पण खेळतेय कशी?" आई विचारत होती. "पाय उचलतेय का?"

"आई, इथे फक्त आकडे दिसतात."

"मग काय उपयोग तुमच्या त्या इंटरनेटचा?"

दुसरा सेट त्या दोघींनी घेतला. नेटवर्कवाल्यानं टेबलावर मूठ आपटली. त्याला त्यांची नावंही नीट वाचता येत नव्हती. तिसऱ्यात बरोबरी, मग एका गेमनं मागे, पुन्हा बरोबरी. आणि मग आकडे थांबले. पानावर दुसऱ्या जोडीच्या नावापुढे खूण उमटली.

"हरल्या," मी सांगितलं.

 फोनवर मागून बाबा "काय झालं, काय झालं" विचारत होते.

"पुढचा सामना कधी?" आईनं विचारलं.

"पुढचा नाही. एक हरलं की संपलं. ऑलिम्पिकमध्ये तसंच असतं."

"एवढ्या लांबून बोलवायचं आणि एकाच सामन्यात परत पाठवायचं," आई म्हणाली. "काय पद्धत आहे." मग तिनं विचारलं, "तिथून तिचं घर किती लांब पडेल?"

मला सांगता येईना. आई म्हणाली, थांब, मी बघते. तिनं फोन तसाच उघडा ठेवला आणि मला नकाशासंग्रहाच्या कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.